चांद्या ढोरमाळावर

लग्नाची शूटिंग घेणाऱ्या बाईने गिधाडांची फिल्म काढायला घेतली, हे कळल्यावर माझी आई बरेच दिवस माझ्याशी धड बोलत नव्हती. एकदा न राहवून म्हणाली, "नवरानवरीची तोंडं बघायची सोडून ही कसली तोंडं बघत फिरतेस गो? सकाळी उठून मेलेल्या ढोराचा इचार करायचा, हा काय धंदा झाला?"

धंदा नव्हताच तो. धंदा माझा किन्हवलीत आहे, नम्रता फोटो स्टुडिओ. बारसं, साखरपुडा, हळद, लग्न, सगळं काढते. आसपासच्या निम्म्या संसारांची सुरुवात माझ्या कॅमेऱ्यात आहे, आणि त्यातले कुठले धड चाललेत ते मी कुणाला सांगत नाही. या गिधाडांच्या भानगडीत मला ओढलं ते मनोजने.

मनोज वाशिंदचा. कारखान्यात शिफ्ट करतो आणि सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण अडकवून डोंगराला लागतो. शहापुरात वन्यजीव आणि पर्यावरणावरच्या छोट्या फिल्म आणि माहितीपटांचा महोत्सव भरणार होता. नंतर त्या फिल्म गावोगावच्या शाळांतून फिरवणार होते. मनोजच्या डोक्यात एकच विषय होता. मुरबाडच्या अंगाला आंबेटेप नावाची वाडी आहे, तिच्या डोक्यावर सरळ उभा कडा, आणि त्या कड्याच्या कपारींत अजून थोडी गिधाडं राहतात.

"आपले लोक टीव्हीवर आफ्रिकेतलं जंगल बघतात," तो म्हणाला. "ही आपल्याच डोक्यावर बसलीयत, त्यांचा कुणाला पत्ता नाही. तू काढ. तुझ्याकडे लांबची लेन्स आहे."

मला तसल्या फिल्मांचा खरं तर रागच. झोपेतून नुकताच उठलेला एक जाडा आवाज आपल्याला सांगत असतो की निसर्ग फार क्रूर आहे. मग ढोल वाजतात आणि हरीण मरतं. मी मनोजला म्हटलं, ढोल वाजवणार नसशील तर येते. तो म्हणाला, ढोल कशाला, मला फक्त त्यांना जेवताना दाखवायचंय.

आणि तिथेच घोडं अडलं. दिवाळीपासून शिमगा जवळ येईपर्यंत आम्ही कड्यासमोर बसलो. उडणारी गिधाडं मिळाली, कपारीत बसलेली मिळाली, एका घरट्यातलं पांढऱ्या लवीचं पिल्लूही मिळालं. जमिनीवर उतरलेलं एकही मिळालं नाही. नवरी कितीही उशीर करो, शेवटी स्टेजवर येते. हे पाहुणे मांडवाकडे फिरकतच नव्हते.

फिरकतील कशाला? खाली पान वाढलेलंच नव्हतं. आंबेटेपच्या बाहेर ओढ्यापलीकडे एक उघडा माळ आहे. त्याला ढोरमाळ म्हणतात. पूर्वी वाडीतलं ढोर मेलं की तिथे नेऊन टाकायचे आणि गिधाडं त्याची हाडं तेवढी शिल्लक ठेवायची. मग गिधाडं कमी झाली, कुत्री वाढली, वासाच्या तक्रारी यायला लागल्या. आता ढोर मेलं की जेसीबी बोलावतात, खड्डा काढतात, मीठ टाकून पुरतात. स्वच्छ काम आहे, कुणाला नाव ठेवता येत नाही. फक्त कड्यावरचं पिल्लू उपाशी राहतं.

गिधाडं कमी झाली ती कशाने, हेही फिल्ममध्ये सांगायचं होतं. त्या भागाचा आवाज माझाच आहे. ढोरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक नावाचं औषध द्यायचे. ढोर मेलं तरी औषध त्याच्या अंगात राहायचं, आणि ते मांस खाल्लेली गिधाडं पटापट मरायची. जनावरांसाठी त्या औषधावर बंदी येऊन बरीच वर्षं झाली. ही वाक्यं मी इतक्या वेळा म्हटली होती की झोपेतही म्हणाले असते.

अशात एके दिवशी बारकूभाऊंचा फोन आला. बारकूभाऊ आंबेटेपचे, आमच्या कामावर त्यांचा लोभ होता, किंवा आम्ही नेत असलेल्या फरसाणावर असेल. म्हणाले, "गुणावहिनीचा चांद्या बैल बसलाय. उठत नाय. तुमचं काम व्हईल बघा."

हे ऐकून मनोजचा चेहरा उजळला, आणि मग आपला चेहरा उजळला हे त्याच्या लक्षात आलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला.

गुणामावशीला मी चांगली ओळखत होते. तिच्या नातीच्या लग्नाची शूटिंग माझीच. वऱ्हाड निघायच्या घाईत तिने माझा दंड धरून मला गोठ्यात नेलं होतं. "समद्यांचं घेतलंस, चांद्याचं नाय घेतलंस. तो काय घरातला नाय?" मग मी चांद्याचंही घेतलं. कपाळावर गोल पांढरा ठिपका, शिंगांना नवा गोंडा, आणि शेजारी नवरीपेक्षा नटून उभी असलेली गुणामावशी. नवरा गेल्यावर तिने त्या बैलावर शेती ओढली. जोडीतला दुसरा आधीच गेला होता, त्याला शेताच्या बांधाला पुरलं होतं. मुलाने ट्रॅक्टर भाड्याने आणायला सुरुवात केली तरी चांद्याला विकायचं नाव काढायची कुणाची हिंमत नव्हती. दर दिवाळी पाडव्याला गेरूचे ठसे उठवून म्हातारी त्याला आगीवरून उडवायला घेऊन जायची. अलीकडे तो आगीशेजारून नुसता चालत जायचा आणि ती म्हणायची, उडला.

आम्ही गेलो तेव्हा चांद्या गोठ्यात आडवा होता. मागचा पाय सुजलेला. माशा बसू नयेत म्हणून मावशी पदराने वारा घालत होती. तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे तिला खाली बसवत नव्हतं. ती पाटावर पाट ठेवून बसली होती. मनोज बराच वेळ घसा साफ करत राहिला. शेवटी मलाच बोलावं लागलं.

"मावशी, चांद्या गेल्यावर त्याला ढोरमाळावर ठेवायचं का? वरची गिधाडं येतील. त्यांना सध्या खायला..."

"जित्या बैलासमोर त्याच्या मढ्याची बोलणी करतेस?" तिने वर पाहिलं. "लाज नाय वाटत गो?"

वाटत होती.

"त्याला त्याच्या जोडीशेजारी माती देणार मी. गुलाल, नारळ, मीठ, समदं. कुत्र्यांच्या तोंडी द्यायला तो बेवारशी हाय?"

मनोज म्हणाला, "बरोबर आहे मावशी. सॉरी." आणि बाहेर निघाला. मला मात्र पाय उचलवेना. मी मोबाइल काढला आणि घरट्यातल्या पिल्लाचा तुकडा लावून तिच्यासमोर धरला. का धरला ते माझं मला ठाऊक नाही. काही तरी दाखवायची सवय, दुसरं काय.

तिने चष्मा वर-खाली केला. पडद्यावर पिल्लू मान ताणून इकडेतिकडे बघत होतं.

"कुणाचं हे?"

"वरचंच. आपल्या कड्यातलं."

"आय कुठं गेली?"

"पोटाला काही मिळतंय का बघायला."

"मिळतं का?"

"लांब लांब जावं लागतं. कधी मिळतं, कधी रिकामी येते."

पिल्लाने चोच उघडली आणि मिटली. तुकडा संपला तसं तिने मला तो पुन्हा लावायला लावला, आणि पुन्हा तिथपर्यंत आल्यावर म्हणाली, "मी पोर व्हते तवा ढोरमाळावर एवढी बसायची, माळ दिसायचा नाय. कुत्रं पोचायच्या आत समदं साफ." मग तिने फोन मला परत दिला आणि चांद्याला वारा घालू लागली.

दोन-चार दिवसांनी तिचाच फोन आला. आवाज बसलेला होता. "चांद्या गेला गो. तुमच्या त्या लेकराला देते मी त्याला. पन मी संगती येनार. आनि कुत्रं फिरकलं तर तुमची धडगत नाय."

आम्ही धावलो. मनोज अशा बाबतीत काटेकोर माणूस आहे. चांद्याला हात लावायच्या आधी त्याने विचारलं, "मावशी, डॉक्टर आला होता का? बैलाला सुई टोचली का एखादी? खरं सांगा, हे फार महत्त्वाचं आहे."

"एक सुई नाय टोचू दिली. जाताना त्याला कशाला तरास?"

बारकूभाऊंनीही मान डोलवली. गुरांचा डॉक्टर वाडीत आलाच नव्हता. मनोजने सुटकेचा श्वास सोडला.

मग गुलालावरून वाद झाला. मनोज म्हणाला, गुलालात कसले रंग असतात कोण जाणे, पोटात जायला नकोत. मावशी म्हणाली, बैल काय विधवा बाई हाय का कपाळ मोकळं ठेवायला? आणि मग आपणच काय बोलून गेलो ते कळून हसली, आणि हसता हसता रडायला लागली. शेवटी घरच्या हळदीवर तोडगा निघाला. तिने त्याच्या कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याला हळद लावली, नारळ ओवाळून फोडला, आणि त्याच्या कानाशी वाकून काही तरी सांगितलं. बारकूभाऊंच्या ट्रॅक्टरने चांद्याला ढोरमाळावर नेलं. मावशी ट्रॉलीत त्याच्या डोक्याशी उभी होती.

लपून शूटिंग करायच्या जागेला हे पक्षीवाले लोक लपण म्हणतात. राबाला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, तोडून ठेवलेल्या फांद्यांचे ढीग माळाच्या कडेला पडलेलेच होते. त्यातला एक आतून पोकळ करून मी कॅमेरा लावला. मनोज दुर्बीण घेऊन वरच्या टेपाडावर बसला, बारकूभाऊ काठी घेऊन ओढ्याच्या बाजूला, कुत्र्यांच्या बंदोबस्ताला. माणूस दिसलं तर पक्षी उतरणार नाहीत, इकडे येऊ नको, असं बजावून मावशीला घरी पाठवलं. तो दिवस तसाच गेला. गिधाडं वर घिरट्या घालत राहिली, खाली कुणी आलं नाही. बारकूभाऊ रात्रीही तिथेच झोपले.

दुसऱ्या दिवशी ऊन चढलं आणि पहिलं उतरलं. चांद्यापासून चांगलं लांब, पंख अर्धवट उघडे ठेवून बसलं. मग दुसरं. मग एकदम बरीच. लांब उघडी मान, पुढे वाकलेले खांदे. येऊन नुसती बसली, पंगतीत कुणी आधी हात घालायचा यावर खोळंबून बसतात तशी. इतके महिने ज्यांना मी ठिपक्याएवढं बघितलं होतं, त्यांचे डोळे मला लेन्समधून दिसत होते. रेकॉर्डिंग चालू होतं.

मागच्या फांद्या खसखसल्या. बघते तर गुणामावशी, वाकून वाकून आत येत होती. हातात फडक्यात बांधलेली भाकरी.

"मावशी! येऊ नको म्हटलं होतं ना!" मी कुजबुजले.

"मागल्या बाजूनं आले. कोनी बघितलं नाय." तिने फटीतून पाहिलं. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आली गो. आली खरंच."

तिने बसायचा प्रयत्न केला, गुडघा धरला, कळ आली तसं तोंड वाकडं केलं आणि उभीच राहिली.

"गोळी घेतली नाही का आज?" मी डोळा कॅमेऱ्यालाच लावून विचारलं.

"कुठली गोळी? समद्या चांद्याला घातल्या."

मी कॅमेऱ्यावरून मान वर केली.

"काय घातल्या?"

"माज्या गुडघ्याच्या गो. लई कन्हत व्हता. मला एका गोळीनं बरं वाटतं, पन त्याचं अंग केवढं, एकीनं काय व्हनार? मग रोज एक आख्खी पट्टी पेजेत कुस्करून घातली. शेवटच्या दिसापर्यंत घातली. जरा निवांत पडायचा मग." ती माझ्याकडे बघून ओशाळली. "पोराला नको सांगू, वरडंल. दवाखान्यातनं त्यानं आनून दिल्यावत्या."

"पट्टी आहे का? रिकामी?"

तिने कमरेची पिशवी सोडून चंदेरी पट्टी काढली. मागचं नाव मी वाचलं. जे नाव मी आमच्या फिल्ममध्ये माझ्या आवाजात सांगितलं होतं, तेच होतं; जनावरांसाठी बंद, माणसांसाठी चालू.

मनोजने विचारलं होतं, डॉक्टर आला का, सुई टोचली का. तिने खरं तेच सांगितलं होतं. पेजेतून काय दिलं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं, आणि तिच्या लेखी ते औषध नव्हतंच. आपल्या तोंडचा घास द्यावा तशी आपली गोळी तिने दिली होती. मला मनोजचा राग आला, माझा आला, आणि तिच्याकडे बघून तर काय करावं तेच कळेना. बाहेर पहिलं गिधाड टुणटुण उड्या मारत चांद्याच्या दिशेने निघालं होतं.

"मावशी," मी म्हटलं, "या गोळीनं ती मरतात. ज्याने ज्याने चांद्याला खाल्लं ते मरेल."

"कोन मरंल?"

"ही. सगळी. आणि घरी नेऊन भरवलं तर पिल्लूही."

तिला समजायला वेळ लागला नाही. भाकरीचं फडकं तिच्या हातातून खाली पडलं आणि फांद्या अंगाने मोडतच ती बाहेर पडली. पाटावर पाट ठेवल्याशिवाय बसता न येणारी बाई त्या खडकाळ माळावरून धावली. पदर सोडून डोक्यावर गरागरा फिरवत, ओरडत धावली. "हाऽऽड! हाऽऽड! जा! खाऊ नका रे बाबांनो! जा!"

मी तिच्या मागे धावले. गिधाडांनी एकदम पंख उघडले तेव्हा धुळीचा लोट उठला आणि त्या आवाजात मला तिचं ओरडणंही ऐकू येईना. जड पक्षी ते, थोडं पळत जाऊन एकेक वर उठलं. माळ रिकामा झाला.

एक सोडून. ते कधी पुढे येऊन चांद्याच्या पोटावर बसलं होतं कुणास ठाऊक. पाठीची पिसं झडलेली, म्हातारं वाटत होतं. किंवा फार भुकेलं असेल. त्याने अजून चोच लावली नव्हती. मावशी त्याच्यासमोर काही पावलांवर जाऊन थांबली. ते हललं नाही, तिच्याकडे बघत राहिलं.

"जा रे," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता. "मीच बोलावलं तुला. मीच जा म्हनते. जा रे बाबा. तुज्या पोटाचं नाय हे."

त्याने मान खाली केली.

मावशीने दगड उचलला. तिने कधी कुत्र्यालाही दगड मारला नसेल, तिला नेमही धरता येत नव्हता. तरी लागला. पंखावर थडकन लागला. ते गिधाड कोलमडून चांद्याच्या अंगावरून खाली आलं, खुरडत चार पावलं गेलं, आणि मग पंख उघडून कसंबसं उठलं. आम्ही दोघी वर बघत राहिलो. ते कड्याच्या दिशेने लहान लहान होत गेलं.

"लागलं का गो त्याला?"

"नाय मावशी," मी म्हटलं. "बाजूनं गेला दगड."

तेवढ्यात मनोज टेपाडावरून धावत खाली आला. मी त्याला इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "तुम्हाला काय वेड लागलंय का? चार महिने! नम्रता, चार महिने बसलो आपण!" मी पट्टी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. मावशीने त्याला पेजेचं सांगितलं, मुलाला सांगू नका हेही सांगितलं. मनोज तिथेच, दगडांत, मटकन खाली बसला. पट्टी उलटसुलट करत म्हणाला, "मी सुईचंच विचारलं. गोळीचं विचारायला नको का, गाढवा?" गाढवा तो स्वतःला म्हणाला. मग उठून तो मावशीच्या पाया पडला. ती भांबावली. "माज्या काय पाया पडतोस रे," ती म्हणाली, "मी तर मारायलाच निघाले व्हते समद्यांना."

जेसीबी यायला दुपार झाली. तोवर ती चांद्याजवळून हलली नाही. कड्यावरून कुणी घिरटी घातली तरी पदर हलवायची. बारकूभाऊंनी कितीदा म्हटलं, वहिनी, मी उभा ऱ्हातो, तुमी सावलीत बसा. ऐकते कुठली.

शेवटी चांद्या बांधाला, जोडीशेजारीच गेला. खोल खड्डा, मीठ, वर काटे, आणि आता मनोजची हरकत नव्हती म्हणून गुलालही. पहिल्यांदा तिने जसं ठरवलं होतं अगदी तसंच सगळं झालं, तरी तिचा चेहरा उतरलेलाच. मूठभर माती टाकताना ती चांद्याकडे नाही, वर कड्याकडे बघत होती. "उपाशी पोटी उठवलं गो मी त्यांना," ती म्हणाली. "पानावरनं उठवलं."

सगळे पांगल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणजे ट्रॉलीच्या कडेला टेकली.

"तुजं मशीन चालू व्हतं ना तवा? दाव मला."

मी नाही म्हणायच्या आत तिने चष्मा पुसायला घेतला होता. कॅमेरा लपणात आपला आपण चालूच राहिला होता. फ्रेममध्ये चांद्या, त्याच्याभोवती उतरलेले पाहुणे, आणि मग उजवीकडून पदर फिरवत घुसलेली म्हातारी. फोकससुद्धा तिच्यावर नव्हता. दगड मात्र चांगला स्पष्ट दिसत होता. कुठे लागला तेही.

"लागला की," ती म्हणाली. माझ्याकडे तिने बघितलं नाही, हे तिचे उपकार. ते गिधाड कोलमडलं, खुरडलं, उठलं, आणि फ्रेमच्या बाहेर गेलं.

"पंख मोडला नसंल ना?"

"मोडला असता तर उडालं नसतं, मावशी." हे मी खरं सांगत होते.

"पुन्ना दाव."

मी पुन्हा लावलं. ती फक्त उडण्यापाशी पुढे वाकायची. तिचं बघून झाल्यावर मी म्हटलं, "तू काळजी करू नको. दगडाचं मी कापून टाकते. तू पदर फिरवलास, सगळी उडाली, एवढंच ठेवते. छान दिसेल." मला खरंच तिला वाचवायचं होतं. शाळाशाळांतून फिरणार होती ती फिल्म. संरक्षित पक्ष्याला दगड मारणारी म्हातारी बघून लोक काय काय बोलतील, ते मला दिसत होतं.

"कापायचं नाय," ती म्हणाली.

"मावशी, लोक नावं ठेवतील."

"ठेवू दे. दगड ऱ्हाऊ दे. दगड बघून तरी इचारतील, म्हातारीनं का मारला म्हनून. नायतर बघतील आनि घरी जातील." मग गुडघा चोळत म्हणाली, "माजे एकटीचेच गुडघे दुखतात का? घरोघरी हायेत त्या गोळ्या. आनि घरोघरी म्हातारं ढोर हाय."

फिल्म शहापूरच्या महोत्सवात दाखवली. बक्षीस एका सुंदर फुलपाखरांच्या फिल्मला मिळालं, आणि तिच्यात ढोल होते. आमची मग गावांतून फिरायला लागली. किन्हवलीच्या शाळेत दाखवली तेव्हा गुणामावशी आंबेटेपहून एसटीने आली. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. चांद्या दिसला तेव्हा तिने हात जोडले. बाकी सगळा वेळ ती पडद्याकडे कमी आणि मागे वळून लोकांच्या तोंडांकडे जास्त बघत होती.

दगड लागला तसा हॉलभर आवाज झाला. दिवे लागल्यावर मागून एक तरुण माणूस तावातावाने उभा राहिला. "ही बाई कोण आहे?" तो म्हणाला. "दगड मारते सरळ! आणि तुम्ही शूटिंग काय करत बसलात? गुन्हा आहे हा!"

मनोजने माईक उचलला. समजावून सांगायला तो तयारच असतो. मी त्याचा हात दाबला, कारण पहिल्या रांगेत गुणामावशी गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागली होती. तिला वेळ लागला. ती पूर्ण उभी राहिली, लोकांकडे वळली आणि पदर सारखा केला.

"मी हाय ती," ती म्हणाली. "सांगते. पन आधी मला सांगा, इथं कोनाकोनाच्या घरात बैल हाय?"